बडोद्याला गेले आणि ओव्हन विकायचा राहिला

तुम्ही घरी केक करता का? शेजारणीने मुलाच्या वाढदिवसाला मागितला म्हणून एक, मग तिच्या नणंदेने मागितला म्हणून दुसरा, असं करत करत तुमचाही छोटासा व्यवसाय सुरू झालाय का? आणि महिन्याला सात-आठ ऑर्डरींवर येऊन तो तिथेच थांबलाय का?

माझं नाशिकमध्ये अगदी असंच झालं होतं. ओव्हनचे हप्ते फिटले होते, पण विजेचं बिल, क्रीम, खोके आणि केक पोहोचवायच्या खेपा वजा केल्या की हातात उरलेल्या पैशांत मुलाच्या शिकवणीची फीसुद्धा भागत नव्हती. गेल्या पावसाळ्यात ओव्हन विकायचं मी जवळजवळ नक्की केलं होतं. तेव्हा बडोद्याहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. “विकायचा तर वीक, पण आधी चार दिवस इकडे ये. माझा क्लास बघ,” ताई म्हणाली.

मी रात्रीची बस पकडली.

दांडिया बाजारातलं मराठी

बडोद्याला पहिल्यांदा जाणार असाल तर सकाळी लवकर पोहोचा आणि नाश्त्याला सेव-उसळ खा. पांढऱ्या वाटाण्याची उसळ, वर शेव, कांद्याची पात, वाटीत वेगळी तिखट तरी आणि सोबत पाव. आपल्या मिसळीची ही गुजरातेत नांदायला गेलेली बहीणच! पहिल्या घासाला माहेरची आठवण येते आणि दुसऱ्या घासाला कळतं, की हिने आता सासरचं वळण घेतलंय.

दांडिया बाजाराच्या बाजूला फिरताना कानावर मराठी पडतं. गायकवाडांच्या राज्याबरोबर आलेली घरं पिढ्यानपिढ्या इथेच आहेत. ताईच्या सासूबाई घरात शुद्ध मराठी बोलतात, पण भाजीवाल्याला आणि सुनेला एकाच दमात “चालो, चालो!” म्हणतात.

या सासूबाईच ताईच्या क्लासच्या विरोधात होत्या. त्यांचा प्रश्न साधा होता, “सगळी विद्या वाटून टाकलीस, तर तुझ्याकडे केक घ्यायला कोण येईल?”

खरं सांगते, माझ्याही मनात हीच भीती होती. तुमच्याही मनात असेल. बिनअंड्याचा हलका स्पंज जमायला मला दीड वर्ष लागलं. दही किती, सोडा किती, मिश्रण किती वेळ फेटायचं, हे सगळं मी वहीत लिहून कपाटात ठेवलं होतं. ते तीनशे-साडेतीनशे रुपयांत कुणालाही का सांगायचं?

शनिवारी दुपारी तीन वाजता

ताईचा क्लास सोसायटीच्या हॉलमध्ये भरतो. मी गेले त्या शनिवारी दहा जण होते. मराठी, गुजराती, एक सिंधी काकू, बारावीतला एक मुलगा आणि निवृत्त झालेले एक आजोबा. नातीला आपल्या हातची बिस्किटं खायला घालायची, एवढाच आजोबांचा हट्ट!

टेबलावर ओव्हन नव्हता. गॅसची शेगडी, जाड बुडाची कढई, तिच्यात मिठाचा थर, त्यावर जाळीचं स्टँड आणि वर घट्ट झाकण. मी विचारलं तर ताई म्हणाली, “पहिल्याच दिवशी ओव्हन दाखवला, की निम्म्या बायका मनातल्या मनात उठून जातात. घरी जे आहे त्यात जमलं पाहिजे.”

त्या दिवशी नानकटाई होती. या पदार्थाशी सुरतेचं नाव जोडलेलं आहे. डचांच्या वखारीसाठी पाव भाजणाऱ्या भट्ट्या पुढे पारशी बेकरीवाल्यांच्या हाती आल्या आणि तिथून ही बिस्किटं देशभर गेली, असं सांगतात. आपल्याकडेही दिवाळीच्या आधी रवा, मैदा, साखर, तूप डब्यात भरून बेकरीत द्यायचं आणि भाजलेल्या नानकटाईचे डबे घरी आणायचे, ही पद्धत होतीच. आईबरोबर रांगेत उभं राहिलेलं तुम्हालाही आठवत असेल.

ताईचं प्रमाण लिहून घ्या. एक वाटी मैदा, पाव वाटी बेसन, दोन चमचे बारीक रवा, अर्धी वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी घट्ट तूप, पाव चमचा बेकिंग पावडर आणि वेलची. तूप-साखर पांढरी होईपर्यंत फेटायची, कोरडं सगळं चाळून घालायचं आणि गोळा जुळेल एवढंच हाताळायचं. जास्त मळलं तर नानकटाई चिवट होते. गोळा कोरडा वाटला तर चमचाभर तूप वाढवायचं. कढई दहा मिनिटं आधी तापवून घ्यायची आणि मंद आचेवर वीस मिनिटांच्या आसपास भाजायची.

आजोबांनी झाकण उघडून एक दाबून पाहिली. “अजून मऊ आहे, राहू द्या थोडी.”

ताईने गॅस बंद केला. “गरम असताना ती मऊच लागणार. गार झाली की कडक होते. इथे थांबता आलं नाही, की खालून जळते.”

एवढी एक गोष्ट कळण्यासाठी सुरुवातीला मी चार घाण करपवले होते.

हिशोब वहीत

रात्री ताईने वही उघडली. दहा जणांचे प्रत्येकी साडेतीनशे, म्हणजे साडेतीन हजार. साहित्य आणि खोक्यांचे नऊशे, हॉलचं भाडं तीनशे. उरले तेवीसशे. एक किलोच्या केकमागे मला अडीचशे ते तीनशे सुटतात. म्हणजे तिची एक दुपार आणि माझे आठ केक सारखेच!

पण तिच्या मते फीची कमाई दुय्यम आहे. “ज्या बाईने एकदा स्वतः क्रीम फेटून, सारखं करून, फुलं काढून पाहिली, ती नंतर ‘एवढ्या केकचे एवढे पैसे?’ असं कधीच विचारत नाही. घरी रोज करणाऱ्या फार थोड्या. बाकीच्या ऑर्डर देतात, आणि माझी स्वच्छता डोळ्यांनी पाहिलेली असते म्हणून चार जणींना सांगतातही.”

बडोद्यात तर विश्वासाला फार किंमत आहे. घरात अंडं न चालणारी माणसं पुष्कळ. भांडीसुद्धा वेगळी हवीत, असा आग्रह असतो. ताईच्या स्वयंपाकघरात अंडं येतच नाही, हे क्लासला आलेल्यांनी पाहिलेलं असतं. आणखी एक गोष्ट तिने भिंतीवर लावली आहे, एफएसएसएआयच्या नोंदणीचं प्रमाणपत्र. घरून विकायचं असलं तरी ही नोंदणी लागते आणि तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा असतो. तुम्ही अजून केली नसेल तर क्लास घेण्याआधी हे काम उरका.

मग मी न राहवून विचारलं, “आणि सासूबाई म्हणाल्या तसं कधी झालंच नाही?”

ताई थोडा वेळ गप्प बसली. “झालं ना. माझ्याच क्लासमधल्या एकीने समोरच्या बिल्डिंगमध्ये केक सुरू केले. किलोमागे दीडशे रुपये कमी. माझी तीन घरं गेली. दोन महिने मी तिच्याशी बोलले नाही. क्लासही बंद केला.”

“मग?”

“मग दिवाळीत एका कंपनीकडून दोनशे पाकिटांची ऑर्डर आली. एकटीने होणार नव्हती. नाही म्हणायला फोन उचलला आणि तिलाच लावला.”

आता दोघी मोठ्या ऑर्डरी वाटून घेतात. दरही दोघींचे सारखे आहेत. गेलेल्या तीन घरांपैकी एक परत आलं, दोन आलीच नाहीत. ताईने हेही लपवलं नाही.

जुन्या शहरातली जुनी शाळा

निघायच्या दिवशी ताई मला सूरसागर तलावाच्या काठाने फिरवत म्हणाली, “या शहरात बायकांना शिकवून कुणाचं नुकसान झालं नाही.”

खरंच आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांच्या नावाचं स्त्री उद्योगालय १९१४ पासून इथे आहे. बायकांनी हातचं कौशल्य शिकावं आणि त्यावर चार पैसे मिळवावेत, हाच त्यामागचा विचार. याच चिमणाबाई १९२७ साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्षा होत्या. पुढे इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या त्या हंसाबेन मेहता. तिथे गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखाही उभी राहिली.

राजवाडा पाहायला सगळेच जातात, तुम्हीही जा. पण त्याच राजघराण्याने बायकांच्या हाताला काम मिळावं म्हणून शंभर वर्षांपूर्वी दार उघडलं होतं, हेही आठवणीत ठेवा. मला तरी त्या दिवशी कपाटातल्या माझ्या वहीची थोडी लाज वाटली.

नाशिकला परत

घरी आल्यावर पंधरा दिवसांनी मी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाकला. आठ जणींनी नावं दिली, आल्या तिघी. साहित्य आणलं होतं आठ जणींचं! तेव्हापासून मी निम्मी फी आधी घेते. हा माझ्या खिशाला पडलेला धडा तुम्हाला फुकट देते.

दुसऱ्या क्लासला सहा जणी आल्या. त्यातल्या एकीने मुलीच्या बारशासाठी नानकटाईची चाळीस पाकिटं सांगितली. दुसरी म्हणाली, “मला विकायला शिकवाल का?” आतून जरा धस्स झालं. ताईचे ते दोन महिने आठवले. तरी मी वही उघडली आणि स्पंजचं पान तिच्यापुढे ठेवलं.

ऑर्डरी अजून फार वाढलेल्या नाहीत. गेल्या महिन्यात तेरा झाल्या. पण ओव्हन जागेवर आहे आणि शिकवणीची फी वेळेवर गेली.

तुम्हाला सुरुवात करायची असेल, तर घरी ओव्हन नसलेल्या चार जणींना बोलवा. एकच पदार्थ घ्या, कढईत होणारा. आणि नानकटाई मऊ लागली, तरी गॅस बंद करायला विसरू नका.