टोकियोतील दोन फडकी

जपानात येऊन आम्हाला आता चौथे वर्ष लागले. टोकियोच्या एदोगावा भागात निशी-कासाई नावाचे स्टेशन आहे. त्याच्या आसपास भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, तिथेच आमचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड. डाळ, पोहे, कढीपत्ता सगळे मिळते. ज्वारीचे पीठ मात्र मुंबईहून कुणी येणार असेल तर त्याच्या बॅगेत घुसवावे लागते.

निघताना नातेवाईक म्हणाले होते, "बुद्धाच्या देशात चाललात, नशीबवान आहात." इथे आल्यावर पहिला धडा मिळाला तो कचऱ्याचा! जळणारा कचरा आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी, बाटल्या-डबे वेगळ्या दिवशी, तेही सकाळी आठच्या आत ठेवायचे आणि कावळ्यांनी उपसू नये म्हणून वर जाळे ओढायचे. पहिल्याच आठवड्यात आमची पिशवी चिठ्ठी चिकटवून तिथेच ठेवलेली दिसली. कुणी रागावले नाही, ओरडले नाही. पण दोन दिवस आम्हाला शेजाऱ्यांकडे मान वर करून बघवले नाही.

मग एप्रिलमध्ये मुलीची शाळा सुरू झाली. जपानात शाळेचे वर्ष एप्रिललाच सुरू होते. शाळेने आणायच्या वस्तूंची यादी दिली, त्यात लिहिले होते : पुसायची फडकी, दोन. जुन्या टॉवेलची शिवलेली. कशाला, म्हणून विचारले तर उत्तर आले, "वर्ग पुसायला."

वाचकहो, त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. मुलीची आजी मुंबईत झाडू खात्यातून रिटायर झालेली. लहानपणी गावच्या शाळेत तिला आधी अंगण झाडायला लावत आणि मग दाराबाहेर बसवत. दुसरीनंतर तिची शाळा सुटली ती सुटलीच. तिच्या नातीच्या हातात परदेशातल्या शाळेनेही फडकेच द्यावे? आमचा रंग बघून तर नाही ना, असेही मनात आले.

पालकांना वर्ग बघायला बोलावतात, त्या दिवशी आम्ही दोघेही रजा टाकून गेलो. दुपारचे जेवण झाले. जेवण वाढणारीही मुलेच, डोक्याला पांढरी टोपी आणि अंगात ॲप्रन. मग सगळी बाके मागे सरकली. कुणाच्या हातात झाडू, कुणाच्या हातात फडके. मुले ओणवी होऊन ओळीने जमीन पुसत धावू लागली. बाईंच्या हातातही फडके होते. वर्ग झाडायला वेगळा माणूस ठेवलेलाच नाही. पंधरा-वीस मिनिटांत काम आटोपले. आमची कन्या घामाघूम होऊन हसत होती, तिची जोडीदारीण एका डॉक्टरची मुलगी.

रविवारी आजीला व्हिडिओ कॉल लावला. आजी आधी भडकली. "एवढ्या लांब जाऊन झाडूच धरायला लावला का रं पोरीला?"

"आज्जी, सगळेच झाडतात."

"सगळेच म्हंजे? मोठ्या घरची बी?"

"हो."

"आन् मास्तरीण?"

"ती पण."

आजीने हेच तीनदा विचारले. मग बराच वेळ काही बोलली नाही.

पण सगळे गोडच लिहावे असे नाही. इथेही चामड्याचे, कत्तलीचे, मढ्याचे काम करणाऱ्यांना अस्पृश्य मानत. त्यांना आता बुराकु म्हणतात. बुराकु म्हणजे वस्ती. 1871 साली सरकारने फर्मान काढून तो भेद कागदावर मिटवला. 1922 साली त्यांनी क्योतोमध्ये सुईहेईशा ही आपली संघटना उभी केली. तरी 1975 मध्ये उघडकीला आले की बुराकु वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या गुपचूप विकल्या जातात आणि नोकरी देण्याआधी कंपन्या त्यात उमेदवाराचा पत्ता शोधतात. भेदभावाविरुद्ध 2016 साली पुन्हा कायदा करावा लागला. शेजारच्या बाई एरवी भरभरून बोलतात, पण हा विषय काढला तेव्हा त्या खाली बघून चहा ओतत राहिल्या. ती गप्प बसण्याची तऱ्हा आमच्या ओळखीची होती.

आम्हाला मात्र जपानी माणूस आडनावाला 'सान' लावून आदराने हाक मारतो. त्या आडनावातून त्याला काहीच कळत नाही. कळते ते आपल्याच लोकांना. दिवाळीच्या एका कार्यक्रमात एका गृहस्थांनी गाव विचारले, मग "पूर्ण नाव?" ते सांगितल्यावर "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि पुन्हा काही आमच्या टेबलाकडे फिरकले नाहीत. सात हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास करून तो प्रश्न आमच्या आधी इथे पोचला होता.

गेल्या महिन्यात मुंबईहून एक ओळखीचे आले. बॅगेतून ज्वारीचे पीठ निघाले, जवसाची चटणी निघाली आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन फडकी. आजीने आपल्या जुन्या लुगड्याचे चार पदर करून, गोधडीला घालतात तसे बारीक टाके घालून शिवलेली. काठ तिने मुद्दाम वरच्या बाजूला ठेवला होता.

सोमवारी मुलगी ती शाळेत घेऊन गेली. परत आली तेव्हा एकच फडके होते. दुसरे तिने जोडीदारणीला दिले होते.