चेंडू कुठे आहे?

कोणतीही कला भरभराटीस आली म्हणजे ती प्रथम आपल्या जन्माची कहाणी विसरते. कीर्तनकाराला नारदाची आठवण ठेवावीच लागते, कारण तो उभा राहतो ती गादीच नारदाची. परंतु खेळाच्या सामन्यांचे धावते समालोचन करणाऱ्यांस असा कोणी मूळपुरुष ठाऊक नसतो. तो ठाऊक असता, तर आज दूरचित्रवाणीवर फुटबॉलचा सामना पाहताना आपल्या कानांवर जे आदळते, ते निदान निम्म्याने कमी झाले असते असे मला वाटते.

ती कहाणी मोठी मौजेची आहे. १९२७ च्या जानेवारीच्या १५ तारखेस बी.बी.सी.ने इंग्लंड व वेल्स यांच्यातील रग्बीचा सामना ट्विकनहॅमच्या मैदानावरून नभोवाणीवर ऐकविला, आणि २२ तारखेस आर्सेनल व शेफील्ड युनायटेड यांच्यातील फुटबॉलचा. दोन्ही वेळी बोलणारा गृहस्थ एकच, कॅप्टन वेकलम. समोर दिसणारा खेळ न दिसणाऱ्या हजारोंना सांगावयाचा, ही गोष्ट त्या देशात तोवर कोणी केली नव्हती. यंत्राकडे तोंड करून नक्की कोणाशी बोलावयाचे? तेव्हा योजकांनी एक युक्ती काढली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्स नावाची संस्था होती. तेथील एका अंध रग्बीप्रेमी गृहस्थाला वेकलमच्या खोलीजवळ आणून बसविले, आणि या एका माणसाला सामना सांगावयाचा एवढेच वेकलमने मनात धरले. फुटबॉलच्या सामन्याकरिता तर मैदानाचे आठ चौकोन पाडलेला नकाशा साप्ताहिकात आगाऊ छापला होता. वेकलम खेळ सांगे आणि शेजारचा सहकारी मधून मधून चौकोनाचा आकडा उच्चारी. घरी शेगडीजवळ बसलेला श्रोता नकाशावर बोट ठेवून चेंडूमागे धावू शके.

सारांश, समालोचन ही दृष्टिहीनाला दिलेली उसनी दृष्टी होती. आपल्याकडील माणसाला यात नवे असे काही वाटणार नाही, कारण संजयाने कुरुक्षेत्राचे वर्णन केले तेही एका अंधापाशीच. व्यासांनी दिव्य दृष्टी प्रथम धृतराष्ट्रालाच देऊ केली होती. ती त्याने नाकारली आणि ऐकणे पत्करले, हा भाग आपण बहुधा विसरतो. कुलाचा संहार पाहवणार नाही, पण ऐकल्यावाचून राहवणार नाही, अशी ती स्थिती होती. अशा श्रोत्यापुढे बोलणाऱ्यावर दोन बंधने आपोआप येतात. जे घडले ते अचूक सांगावे, आणि ऐकणाऱ्याला कटू वाटले तरी खरे सांगावे. संजयाने दोन्ही पाळली.

आमच्या देशात या विद्येचे दिवस चांगले गेले. १९३४ च्या सुमारास मुंबईच्या चौरंगी क्रिकेट सामन्यांत बॉबी तल्यारखान बोलू लागले. दिवसभर एकट्याने बोलावे व ध्वनिक्षेपकात वाटेकरी नसावा, हा त्यांचा हट्ट प्रसिद्ध आहे. मराठीत बाळ ज. पंडितांनी क्रिकेट घरोघर पोहोचविले. फलंदाज, यष्टिरक्षक, षटक, पायचीत, त्रिफळाचीत हे शब्द आज आपण पाणी पिण्याइतक्या सहजतेने वापरतो. ते लोकांच्या जिभेवर रुळण्यात पंडितांसारख्या समालोचकांचा वाटा फार मोठा आहे. शब्द कोशात घालणे सोपे असते. चेंडू हवेत असताना तोच शब्द ओठांवर यावा याला मात्र निराळी तपश्चर्या लागते.

१९७५ च्या मार्चात क्वालालंपूरला भारताने पाकिस्तानचा २-१ असा पराभव करून हॉकीचा विश्वचषक जिंकला, त्या वेळी माझे वडील अंबडला शिक्षक होते. मी सात वर्षांचा होतो. जसदेव सिंगांच्या हिंदी वाणीचा वेग चेंडूबरोबर कसा वाढे आणि चेंडू बाहेर गेला की श्वास कसा खाली बसे, हे दादा आजही तोंडाने करून दाखवितात. ज्या मैदानाचे चित्रसुद्धा त्यांनी पाहिले नव्हते, त्याची उजवी बाजू कोणती व डावी कोणती हे त्यांना पाठ होते. ऐकून पाहिलेली वस्तू मनात अशी घर करून राहते.

पुढे दूरचित्रवाणी आली. १९८६ मध्ये मेक्सिकोतील विश्वचषकाचे सामने दूरदर्शनने दाखविले आणि माझ्या पिढीने जगातील फुटबॉल प्रथम डोळ्यांनी पाहिला. चित्र समोर आल्यावर समालोचकाचे काम संपले, असे कोणालाही वाटावे. पण ते संपले नाही, बदलले. आता त्याने दोन गोष्टी करावयाच्या होत्या. चित्र बोलत असेल तेथे गप्प बसणे ही पहिली, आणि चित्रात जे दिसत नाही ते सांगणे ही दुसरी. ऑस्ट्रेलियाचे रिची बेनॉ पहिल्या गोष्टीचे आचार्य. पडद्यावर दिसते त्यात भर घालता येत असेल तरच बोलावे, या नियमाने ते आयुष्यभर वागले. दुसऱ्या गोष्टीचे उत्तम उदाहरण म्हणजे नोव्ही कपाडिया. दिल्लीच्या खालसा महाविद्यालयात ते इंग्रजी शिकवीत, म्हणजे माझ्याच व्यवसायातले. भारतीय फुटबॉलचा इतिहास त्यांना मुखोद्गत होता. २०२१ साली ते वारले, तेव्हा एक चालता बोलता ग्रंथसंग्रहच मिटला.

चित्रात जे दिसत नाही त्याचे मोल आम्हा जालनेकरांना निराळे सांगावयास नको. २०१४ मध्ये एकोणीस वर्षांखालील क्रिकेट विश्वचषकात भारताचे नेतृत्व आमच्या जालन्याचा विजय झोल करीत होता. पडद्यावर दिसला तो निळ्या पोशाखातला एक डावखुरा मुलगा. त्याने २०११ साली आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या होत्या, आणि मोसंबी, बी-बियाणे व लोखंड यांकरिताच ज्याचे नाव घेतले जाते अशा मराठवाड्यातील एका गावातून तो तेथवर आला होता, हे चित्र सांगू शकत नाही. ते माणसानेच सांगावे लागते.

आता हल्लीची तऱ्हा पाहा. दोन, कधी तीन गृहस्थ एकत्र बसतात. बहुतेकदा ते मैदानाच्या शेकडो कोस दूर असतात आणि आपल्यासारखाच पडद्यावर सामना पाहतात. त्यांपैकी एकाने पूर्वी पराक्रम गाजविलेला असतो आणि त्याच्या आठवणी निघतात. अमक्या खेळाडूला किती कोटींना घेतले याची चर्चा होते, एखाद्या वस्तूची जाहिरात वाक्याच्या मध्येच घुसते, हशा होतो. तेवढ्यात गोल होतो, आणि सगळे एकदम ओरडतात. प्रत्येक फटका अद्भुत, प्रत्येक सामना ऐतिहासिक! विशेषणांचीही नाणी असतात. रोज नवी पाडत गेले की त्यांना कोणी विचारीत नाही.

हे सारे मीही इतरांप्रमाणे सवयीने सोशीत होतो. परंतु गेल्या काही वर्षांत काचबिंदूने दादांची दृष्टी जवळजवळ नेली. गेल्या हिवाळ्यात एका रात्री युरोपातील दोन नामांकित संघांचा सामना लागला होता. माझा महाविद्यालयात शिकणारा मुलगा पाहत होता आणि दादा शेजारच्या आरामखुर्चीत कान देऊन बसले होते. बराच वेळ गेल्यावर ते म्हणाले, "अरे, चेंडू कुठे आहे?" पंचवीस मिनिटांच्या अखंड बोलण्यात तेवढेच कोणी सांगितले नव्हते. मुलगा म्हणाला, "आजोबा, मधोमध आहे." थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. शेवटी त्याने आवाज बंद केला व स्वतःच सांगू लागला.

आणि येथे मला खरा धक्का बसला. ज्या मुलाने शेकडो सामने पाहिले आहेत, ज्याला परदेशी संघांतील राखीव खेळाडूंचीही नावे तोंडपाठ आहेत, त्याला सामना सांगता येईना. "याने त्याला दिला... आता तिकडे गेला... अरे बापरे!" यापलीकडे वाणी जाईना. खेळ त्याला उत्तम कळत होता, पण त्याच्या डोक्यात शब्द कोणी घातलेच नव्हते. दादांनी जन्मात न पाहिलेले मैदान शब्दांवरून उभे केले होते. नातवाला डोळ्यांपुढचे मैदान शब्दांत धरता येत नव्हते. समालोचनाच्या अवनतीची खरी किंमत मला त्या रात्री कळली. आपण केवळ कर्कश आवाज सोशीत नाही, तर पाहिलेले सांगण्याची शक्तीच हळूहळू गमावीत आहो.

यावर माझे विद्यार्थी म्हणतात, "सर, हे गतकाळाचे प्रेम आहे. खेळ ही भावनेची गोष्ट. समालोचकाने उचंबळू नये काय?" अवश्य उचंबळावे. १९८६ च्या त्याच स्पर्धेत मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध अर्धे मैदान पार करून दुसरा गोल केला, तेव्हा व्हिक्टर ह्यूगो मोरालेस हा समालोचक ध्वनिक्षेपकावर अक्षरशः रडला, आणि हा मनुष्य कोणत्या ग्रहावरून आला असे त्याने विचारले. तो अश्रू जगाने आजवर जपला आहे. परंतु त्या क्षणापूर्वी त्याने काय केले ते पाहावे. चेंडू कोणी कोणाला दिला, दोघे कसे अंगावर आले, मॅराडोनाने चेंडूवर पाय ठेवून कसा मोहरा फिरविला व उजवीकडून कशी धाव घेतली, हे सारे त्याने सांगितले आणि मगच तो रडला. आधी वर्णन, मग भावना. हल्ली भावनेने आरंभ होतो, आणि वर्णन यावयाचे राहून जाते.

दुसरा आक्षेप असा की मराठीला या वेगाची सवय नाही. असे म्हणणाऱ्याने पश्चिम महाराष्ट्रातील एखादे कुस्तीचे मैदान गाठावे. तेथील निवेदक ढाक, कलाजंग, घिस्सा, एकेरी पट हे डाव पडता पडताच नावानिशी सांगतो, आणि मल्ल कोणत्या तालमीचा व कोणाचा पठ्ठ्या हेही सांगून मोकळा होतो. कबड्डीत चढाई, पकड, लोण, निदानरेषा असे नेमके शब्द आहेत. कोल्हापुरात तर फुटबॉलच तालमींतून वाढला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल या संघांचे सामने शाहू स्टेडियमवर पाहणाऱ्यांना मराठीतून फुटबॉल बोलणे कोणी शिकवावे लागत नाही. अलीकडे मोठ्या क्रिकेट सामन्यांचे समालोचन मराठीतूनही होऊ लागले आहे, ही आनंदाची गोष्ट होय. मात्र तिकडची आरडाओरड जशीच्या तशी इकडे आणावयाची असेल, तर भाषा बदलून साधले काय?

राहता राहिली खरे बोलण्याची गोष्ट. ज्याचा खेळ तोच समालोचकाला वेतन देऊ लागला, की जिभेवर पहारा बसतो. २०१६ मध्ये हर्षा भोगले आणि २०२० मध्ये संजय मांजरेकर यांना क्रिकेट मंडळाने आपल्या समालोचकांतून वगळले. कारणे जाहीर झाली नाहीत, व पुढे दोघेही पुन्हा बोलताना दिसले. पण त्यांच्या व्यवसायबंधूंनी त्यातून काय बोध घेतला असेल हे समजावयास दिव्य दृष्टी नको. हस्तिनापूरच्या संजयाला तेवढे भय नव्हते, आणि तोही राजाच्याच पदरी होता!

२०१८ च्या रशियातील फुटबॉल विश्वचषकात अंध प्रेक्षकांसाठी निराळ्या वर्णनात्मक समालोचनाची सोय केली होती. सोय स्तुत्य खरीच. पण जे आरंभी समालोचनाचे सर्वस्व होते, ते आता थोड्यांकरिता केलेली खास व्यवस्था होऊन बसले आहे. बाकीच्यांना डोळे आहेत, तेव्हा त्यांना काहीही ऐकविले तरी चालते, असा याचा अर्थ होतो. माझ्या मते ही समजूतच चुकीची आहे. डोळसालाही पाहावयास शिकवावे लागते, आणि ते शिकविण्याचे साधन नेमका शब्द हेच आहे. वर्गात साठ चेहरे समोर असताना मी स्वतःपुरता एक नियम पाळतो. ज्याने पुस्तक उघडलेलेच नाही अशा एका मुलाला उद्देशून बोलावे. म्हणजे उरलेल्या एकोणसाठांनाही पुस्तक अधिक स्पष्ट दिसते. समालोचकांच्या खोलीत पडदे, आकडे व जाहिरातींचे कागद खुशाल असोत. फक्त एक खुर्ची एखाद्या न दिसणाऱ्या श्रोत्यासाठी राखून ठेवावी, एवढेच माझे मागणे आहे.