आधी खोडा, मग मोजा

सापेक्षता शिकवताना विद्युतचुंबकीय टेन्सर फळ्यावर मांडला, की वर्ग हबकतो. चार ओळी, चार स्तंभ, सोळा खाने. मी सांगतो, मोजू नका, आधी खोडा. दोन इंडेक्सची अदलाबदल केली की चिन्ह उलटतं, अट एवढीच. कर्णावर दोन्ही इंडेक्स सारखे. तिथली संख्या स्वतःच्याच उणे इतकी, म्हणजे शून्य. चार गेले. कर्णाखालचे सहा वरच्याच सहांचे, फक्त चिन्ह फिरवलेले. उरले सहा: तीन विद्युत क्षेत्राचे, तीन चुंबकीय क्षेत्राचे.

आइनस्टाइनच्या १९०५च्या लेखाची सुरुवातच एका दुखण्यापासून आहे. चुंबक हलवा किंवा वाहक, प्रवाह तोच. मग स्पष्टीकरणं दोन का? मिन्कोव्स्कीने १९०८मध्ये या सहांची मोट एकत्र बांधली. तीन मितींत असे घटक तीनच भरतात, म्हणून चुंबकीय क्षेत्र इतकी वर्षं साधा बाण म्हणून खपून गेलं. चौथी मिती आली आणि ते सोंग टिकलं नाही.

पण मला खरी गोडी आहे ती एका कानमंत्राची: सममित गोष्ट प्रतिसममित टेन्सरला पूर्ण जोडली की शून्य. प्रत्येक पदाला त्याचं उलट चिन्हाचं पद भेटतं, जमा-नावे बरोबर. कणाचा चतुर्वेग टेन्सरला दोनदा जोडा. वेग गुणिले वेग सममितच, म्हणून शून्य. म्हणजे बल चतुर्वेगाला काटकोनात, आणि कणाचं स्थिर वस्तुमान जसंच्या तसं. मॅक्सवेलच्या समीकरणाचं आणखी एकदा विकलन करा. विकलनाचा क्रम बदलून काही बिघडत नाही, म्हणून डावी बाजू गळून पडते आणि उजवीकडे विद्युतभाराची अक्षय्यता उभी राहते. अँपिअरच्या नियमात मॅक्सवेलने विस्थापन प्रवाह घातला नसता, तर हा हिशेब जुळलाच नसता.

वक्र अवकाशकाळात तर याची चैन असते. तिथे विकलनाबरोबर क्रिस्टोफेल चिन्हं येतात, चार मितींत स्वतंत्र अशी चाळीस. पण खालच्या दोन इंडेक्समध्ये ती सममित. टेन्सर ज्यातून बनतो, त्या विभवाच्या दोन विकलनांची वजाबाकी करताच सगळी कटतात. तरीही दर परीक्षेत कुणीतरी ती इमानेइतबारे मांडतो, दोन पानं भरतो आणि शेवटी एकेक काट मारत बरोबर उत्तराला पोचतो. गुण पूर्ण द्यावेच लागतात. देताना हात जरा जड होतो, एवढंच.