न घासलेली बंदूक

जुनी बंदूक हाती आली की बहुतेक लोक आधी नळीत डोकावतात. मी बोल्ट काढून त्याचं तोंड बघतो. प्रशियाच्या ड्रायसे बंदुकीची सगळी कुंडली तिथे असते. नळीचं मागचं टोक बाहेरून निमुळतं केलेलं असतं आणि बोल्टचं पोकळ तोंड त्यावर टोपणासारखं बसतं. मध्ये रबर नाही की चामडं नाही, धातूला धातू टेकतो आणि तेवढ्यावर स्फोटाचा वायू अडवायचा. भोसरीच्या टूलरूममध्ये मी काम शिकलो तेव्हा दोन शंकू जुळवायचे म्हणजे एकाला निळा रंग (ब्लू) लावायचा, दुसऱ्यावर फिरवायचा आणि डाग कुठे उमटतो ते बघत खरवडत राहायचं. ड्रायसे बंदुकीचा बोल्टही असाच एकेका नळीला हाताने बसवलेला. आता श्टुटगार्टजवळ माझं पोट मोजमापावरच चालतं आणि सुट्टीच्या दिवशी त्याच सवयीने मी जुन्या जर्मन लष्करी बंदुका तपासतो. काही माझ्या आहेत, बऱ्याचशा दुसऱ्या संग्राहकांच्या.

योहान निकोलाउस ड्रायसे (१७८७–१८६७) हा थुरिंगियातल्या सोमर्डा गावच्या कुलूपकाराचा मुलगा. तरुणपणी पॅरिसमध्ये तो पाउली या स्विस बंदूककाराच्या हाताखाली होता. दारू, गोळी आणि ठिणगी एकाच काडतुसात बांधायची ही कल्पना तिथेच त्याच्या डोक्यात शिरली असणार. १८२७ मधली त्याची पहिली सुईची बंदूक अजून पुढूनच ठासायची होती. मागून भरायची बंदूक १८३६ मध्ये जमली. १८४० च्या डिसेंबरात प्रशियाच्या राजाने एकदम ६०,००० नगांची मागणी नोंदवली आणि बंदुकीला कागदोपत्री नाव दिलं ‘हलकी केपाची बंदूक, मॉडेल १८४१’. ते नाव खोटं होतं, कारण हिला केप लागतच नाही. गुपित राहावं म्हणून हा खटाटोप होता. १४ जून १८४८ ला बर्लिनमध्ये जमावाने शस्त्रागार फोडलं, या बंदुका रस्त्यावर आल्या आणि गुपित संपलं.

तिचं काडतूस मला बंदुकीइतकंच महत्त्वाचं वाटतं. कागदाची पुंगळी, तळाशी काळी दारू, तिच्यावर दाबलेल्या कागदाच्या लगद्याचा ठोकळा आणि त्या ठोकळ्यात बसवलेली अंडाकृती शिशाची गोळी, सुमारे ३१ ग्रॅमची. ठिणगी पाडणारं रसायन दारूच्या मागे नाही, पुढे आहे, ठोकळ्याच्या बुडाशी. म्हणजे चाप ओढल्यावर सुई कागद फाडून सगळ्या दारूतून आरपार जाते आणि मग तिथे पोचते. नळीचं तोंड १५.४३ मिलिमीटर आणि गोळी जेमतेम १३.६. गोळी नळीला शिवतच नाही. नळीतल्या पेचदार खाचा ठोकळ्याला पकडतात, ठोकळा फिरतो आणि गोळीला फिरवतो. नळीत शिसं साचू न देता गोळीला फिरकी द्यायची, तीही कागदाच्या लगद्याने! हा विचार करणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात निव्वळ आदर आहे.

ठिणगी दारूच्या पुढे ठेवल्याची किंमत सुईने मोजली. बार उडतो तेव्हा ती ज्वाळेच्या मधोमध असते. सुया जळायच्या, गंजायच्या, तुटायच्या, म्हणून शिपायाजवळ जास्तीच्या सुया दिलेल्या असत आणि तो मैदानावरच सुई बदलू शके. त्यामुळे आज एखाद्या बंदुकीतली सुई नवी दिसली तर मी नाक मुरडत नाही. सुई बदलणं हेच त्या यंत्राचं आयुष्य होतं. बोल्ट बदललेला असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

इथे क्रमांकांचा विषय येतो. नळीवर, बोल्टवर, चापाच्या कड्यावर, कित्येक नगांवर स्क्रूच्या डोक्यावरसुद्धा क्रमांक किंवा त्याचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात. सगळे जुळले तर भाव वाढतो, म्हणून विकणारे आधी तेच दाखवतात. पण ते आकडे संग्राहकासाठी ठोकलेले नव्हते. भाग अदलाबदल होण्याजोगे नव्हते, एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नळीवर बसला तरी वायू अडवीलच असं नाही. बराकीत शंभर बंदुका एकदम उघडून साफ केल्या की आपला भाग आपल्याच बंदुकीत परत जावा, एवढाच त्या आकड्यांचा हेतू. म्हणून क्रमांक जुळतात हे वाचून मी थांबत नाही. शंकूवर झीज कुठे आहे ते बघतो. दोघं खरंच आयुष्यभर एकत्र राहिले असतील तर नळीच्या टोकावरची घासलेली कड आणि बोल्टच्या आतली कड एकमेकींना उत्तर देतात. आकडा मागाहून ठोकता येतो. तशी झीज ठोकता येत नाही.

या बंदुकीचं मोठेपण आणि तिचा कमकुवतपणा एकाच जागी आहे. ३ जुलै १८६६ ला क्योनिगग्रेत्सच्या लढाईत, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ह्रादेत्स क्रालोवेजवळ, ऑस्ट्रियन शिपायांच्या हातात लोरेंत्सची ठासणीची रायफल होती. तिचा पल्ला ड्रायसेपेक्षा जास्त होता. पण ठासायला उभं राहावं लागे आणि मिनिटाला एक-दोन बार निघत. प्रशियाचा शिपाई आडवा पडून पाच-सहा काढी. त्यातून संगिनी रोखून दाटीने चालून जाण्याचा हट्ट ऑस्ट्रियन सेनापतींनी सोडला नाही. दिवसअखेर ऑस्ट्रियाच्या बाजूला कैदी धरून सुमारे ४४,००० माणसं गेली, प्रशियाची सुमारे ९,०००. विजय सुईच्या बंदुकीचा असं सरसकट लिहिलं जातं, मला ते अर्धंच पटतं. चुकीच्या डावपेचांनी तिचं काम सोपं केलं.

चार वर्षांनी, फ्रान्सशी युद्ध झालं तेव्हा, पारडं फिरलं. फ्रेंचांच्या शास्पो रायफलीतही सुईच होती, पण बोल्टवर रबराची चकती होती. ती दाबाखाली फुगून वायू अडवी. ड्रायसेचा शंकू झिजला, काजळी बसली की मागून ज्वाळेचा झोत शिपायाच्या तोंडावर येई. शास्पोचा पल्ला जवळपास दुप्पट होता. १८ ऑगस्ट १८७० ला सां-प्रिव्हाच्या उघड्या उतारावर प्रशियाच्या गार्ड तुकड्यांनी थोड्या वेळात सुमारे ८,००० माणसं गमावली. ते युद्ध जर्मनीने जिंकलं ते मुख्यतः तोफांच्या जोरावर. एखाद्या नगाच्या शंकूवर खोलवर जळल्याची खूण दिसते तेव्हा मी भिंगातून बराच वेळ तिच्याकडे बघतो. तिच्या मागे कुणाचा तरी गाल टेकलेला होता.

दुर्मीळ काय, तर नेमकं हे न सुधारलेलं तोंड. बेक नावाच्या माणसाने बोल्टच्या तोंडात लवचीक गास्केट बसवायची पद्धत काढली होती, पण युद्ध आलं आणि ते काम लांबणीवर पडलं. युद्धानंतर उरलेल्या बंदुकांपैकी पुष्कळ तशा बदलून घेतल्या गेल्या. त्यामुळे १८६२ च्या मॉडेलची गास्केट न बसवलेली, सैन्यातून आली तशीच राहिलेली बंदूक बघायला मिळणं हा भाग्याचा दिवस. नंतर ओबर्नडोर्फच्या माउझर बंधूंनी १८७१ च्या मॉडेलमध्ये धातूचं काडतूस घेतलं. पितळेची पुंगळी दाबाखाली प्रसरण पावून स्वतःच नळी बंद करते. सोमर्डात तीस वर्षं चाललेली शंकूची झटापट तिथे एका पुंगळीने संपली.

जर्मन कायद्यात १ जानेवारी १८७१ पूर्वी विकसित झालेली सुईची बंदूक प्रौढ माणसाला परवान्याशिवाय घेता येते. नंतरच्या, १८८८ च्या लष्करी रायफलीसाठी मात्र परवाना लागतो. संग्राहकाला परवाना म्हणून लाल कार्ड मिळतं, पण संग्रहाचा विषय ठरवून, त्यातलं ज्ञान सिद्ध करून. मला हा नियम योग्य वाटतो.

त्या १८८८ च्या रायफलीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. बर्लिनच्या लुडविग ल्योवे कारखान्याला तिच्या सव्वाचार लाख नगांचं काम मिळालं होतं. मालक ज्यू. १८९२ मध्ये आल्व्हार्ट नावाच्या ज्यूद्वेष्ट्याने पुस्तिका छापली, की या बंदुका मुद्दाम खराब बनवून सैन्याच्या गळ्यात मारल्या आहेत. खटला झाला, आरोप टिकला नाही, त्याला पाच महिन्यांची कैद झाली. ल्योवेची रायफल टेबलावर आली की मी तपासणीचे ठसे शोधतो, मुकुट आणि त्याखाली एक जर्मन वळणाचं अक्षर. नळीवर, बोल्टवर, लाकडावर, लष्कराच्या तपासनिसाने एकेक भाग बघून ठोकलेले. सरकारी कारखान्यांच्या बंदुकांवर असतात तसेच. त्या आरोपाला इतकं स्वच्छ उत्तर मला दुसरं ठाऊक नाही, आणि ते अजून हाताने चाचपता येतं.

म्हणूनच बफिंगच्या चाकाची मला चीड येते. दस्त्यावर घासकागद फिरला की राजाचं मोनोग्राम आणि मुकुट पुसट होतात. दस्त्याच्या टोकाच्या पट्टीवर रेजिमेंट, कंपनी आणि बंदुकीचा आकडा असतो, ‘12.R.5.87’ असा. म्हणजे बारावी रेजिमेंट, पाचवी कंपनी, सत्त्याऐंशीवी बंदूक. तो घासून गेला की ती बंदूक कुणाचीच राहत नाही. १८८८ च्या रायफलीवरचा S हा ठसा तर जिवाशी संबंधित आहे. नंतरच्या टोकदार गोळीचा व्यास ८.२० मिलिमीटर, आधीची ८.०८ ची. नव्या काडतुसासाठी रायफलीत फेरफार केले की तो S ठोकत. चकाकीपायी ठसा पुसला तर पुढच्या माणसाला काय कळणार? मी स्वतः सुती कापड, थोडं तेल आणि शेवटी पातळ मेणाचा हात एवढंच वापरतो. लाल गंज थांबवायचा, जुना तपकिरी थर तसाच ठेवायचा. आडवा प्रकाश टाकून आधी प्रत्येक ठशाचा फोटो घ्यायचा, मग हात लावायचा.

आपल्याकडेही जुन्या वाड्यांत तोड्याच्या, ठासणीच्या, केपाच्या बंदुका भिंतीवर असतात आणि दसरा आला की चिंच, विटकर, ब्रासो घेऊन घरातले उत्साही लोक त्यांच्या मागे लागतात. त्यांना दोन गोष्टी सांगतो. पुढून ठासायच्या जुन्या बंदुका कित्येकदा भरलेल्या सापडतात आणि त्यातली काळी दारू कोरडी राहिली असेल तर आजही पेट घेते, म्हणून बत्तीच्या भोकापाशी काहीही न करता आधी जाणकाराला दाखवा. आणि पूजेला बंदूक पुसायची असेल तर कोरड्या सुती फडक्याने पुसा.