दादाजानचा पेशा

पावसाआधी दाभोळ खाडीकाठच्या जुन्या घराची कौले परतायची होती, म्हणून आम्ही भावंडे माळा रिकामा करायला बसलो. पत्र्याच्या नळकांड्यात दादाजानची 'नळी' सापडली. बोटीवरच्या नोकरीच्या पुस्तकाला आमच्याकडे नळीच म्हणतात. आत १९३७ सालचा शिक्का, अंगठ्याचा ठसा आणि हुद्द्यापुढे इंग्रजी अक्षरांत लिहिलेले: कसाब.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. दादाजान खलाशी होते, एवढेच आम्हाला ठाऊक. मग बोटीवर ते बकरे कापत होते की काय? फुफीने नळी झटकन मिटली. "मुलीच्या रिश्त्याचं बोलणं चाललंय. हे बाहेर काढू नका." आम्हीही माना डोलावल्या.

पण चैन पडेना. शेवटी गावातल्या एका वृद्ध सारंगांकडे नळी नेली. ते हसू लागले. "अरे, हा खाटीक नव्हे! डेकच्या खलाशांवर सारंग, त्याच्या हाताखाली टिंडेल. सुकाण धरणारा सुकाणी, भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला, रांधणारा भंडारी. आणि कसाब म्हणजे दोर, रंग, कॅनव्हासचं कोठार सांभाळणारा. जुन्या बोटींवर दिवेही त्याच्याकडेच. उजवीकडे हिरवा, डावीकडे लाल. दिवा विझला तर रात्री समोरच्या बोटीला आपण दिसणार कसे?"

हे ऐकून फुफीला आठवले. मगरिबच्या अजानीआधी कंदिलाची काच दादाजान स्वतः पुसत, वात कातरत; कुणाला हात लावू देत नसत. विहिरीचा दोर नीट गुंडाळून ठेवला नाही तर घर डोक्यावर घेत.

आम्हाला हायसे वाटले आणि लगेच त्याचीच लाज वाटली. खाटीक असते तर काय बिघडले असते? दादाजानच्या जनाज्याला खांदा देणाऱ्यांत मोहल्ल्यातले खाटीक चाचाही होते. बकरी ईदला सकाळपासून आम्ही त्यांचीच वाट पाहतो. हजरत दाऊद (अलै.) बादशहा असूनही स्वतःच्या हातच्या कमाईवर जगत, हे बयानात ऐकून आम्ही 'सुबहानअल्लाह' म्हणतो आणि रिश्ता जुळवताना मात्र पेशा चाचपतो.

मुलाकडचे आले तेव्हा फुफीने स्वतः नळी पुढे ठेवली. "कसाब म्हणजे?" मुलाच्या वडिलांनी विचारले.

"आधी सांगा, खाटीक असते तर चाललं असतं का?"

ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "कमाई हलाल होती ना? मग झालं."

तेव्हा कुठे फुफीने त्यांना दिव्यांची गोष्ट सांगितली.