व्हिएन्नाचे चार दिवस : हिशेब आधी, बॅगा नंतर

युरोप म्हटले की आपल्याकडे अजूनही ‘दहा दिवसांत सहा देश’ असेच चित्र डोळ्यांपुढे येते. बसमधून उतरायचे, फोटो काढायचे, पुन्हा बसमध्ये बसायचे. घरी परतल्यावर मुलांना विचारावे, तर कोणता राजवाडा कोणत्या गावातला हे त्यांना सांगता येत नाही. आणि या धावपळीसाठी कित्येक वर्षांची बचत खर्ची पडलेली असते, प्रसंगी मुदत ठेवही मोडलेली असते. त्यापेक्षा एकच शहर निवडावे, तिथे चार दिवस निवांत राहावे, हा बेत खिशाला आणि मनालाही जास्त मानवतो.

असे एक शहर म्हणजे ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. राजवाडे, संगीत आणि कॉफीसाठी प्रसिद्ध असल्यामुळे ते फार महागडे असणार, असा समज होतो. तो अर्धाच खरा आहे. इथे काही गोष्टी खरोखरच महाग आहेत आणि काही उत्तम गोष्टी अगदी फुकट आहेत. कोणत्या कशात मोडतात हे घरी बसूनच समजून घेतले, तर तिथे गेल्यावर प्रत्येक वेळी पाकीट काढताना जीव खालीवर होत नाही.

व्हिसाचा हिशेब

भारतीयांना ऑस्ट्रियासाठी शेंजेन व्हिसा लागतो. जून २०२४ पासून त्याचे शुल्क मोठ्यांना ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे. सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. आई, वडील, सोळा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा असे चौघे असतील, तर नुसत्या शुल्काचेच ३१५ युरो होतात. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा आकार वेगळा. व्हिसा नाकारला गेला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. म्हणून रद्द केल्यास पैसे बुडतील असे स्वस्त विमानाचे तिकीट किंवा हॉटेल व्हिसा हातात येण्यापूर्वी घेऊ नये. सुरुवातीला रद्द करता येणारे आरक्षणच करावे, मग ते थोडे महाग पडले तरी चालेल.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. मे महिन्यात जायचे असेल तर फेब्रुवारीतच कामाला लागणे बरे, कारण सुटीच्या दिवसांत केंद्रावर वेळ मिळणे कठीण होते. प्रवास विमाही सक्तीचा आहे. तो किमान तीस हजार युरोंच्या वैद्यकीय खर्चाचा आणि सर्व शेंजेन देशांत चालणारा हवा.

कधी जावे?

शाळांच्या सुट्यांमुळे आपल्याकडची कुटुंबे बहुधा मे महिन्यात निघतात. व्हिएन्नासाठी हा महिना चांगलाच आहे. हवा सुखद असते, बागा फुललेल्या असतात आणि संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड असतो. शिवाय प्रसिद्ध ‘स्टाट्सओपर’ म्हणजे राज्य ऑपेरागृह तेव्हा सुरू असते. जुलै-ऑगस्टमध्ये ते बंद असते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. रविवारी आणि सणाच्या दिवशी तिथली दुकाने बंद असतात. एक मे हीदेखील सुटी असते. शनिवारी संध्याकाळीच दूध, पाव, फळे आणून ठेवली नाहीत, तर रविवारची न्याहारी महागात पडते.

राहायचे कुठे?

जुन्या शहराच्या ऐन मध्यभागी म्हणजे पहिल्या विभागात हॉटेले सर्वांत महाग. पण तिथेच राहण्याची गरज नाही. भुयारी रेल्वे, ट्राम आणि बस यांचे जाळे इतके चांगले आहे, की मध्यापासून चार-पाच स्थानके दूर राहिले तरी पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता येते. भुयारी रेल्वेच्या स्थानकापासून चालत पाच मिनिटांवरची जागा निवडावी. छोटे स्वयंपाकघर असलेली जागा मिळाली तर फारच उत्तम. एक वेळचा वरणभात घरी झाला की चौघांच्या एका जेवणाचे पैसे वाचतात आणि आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांचे पोटही शांत राहते. राहण्याच्या दरावर शहराचा वेगळा कर असतो. तो सांगितलेल्या दरात धरला आहे की नाही, हे आधीच विचारून घ्यावे.

विमानतळावरून शहरात येण्यासाठी दोन गाड्या आहेत. खास जलद गाडी सोळा मिनिटांत ‘वीन मिटे’ स्थानकावर पोहोचवते, तर साधी लोकल त्याच स्थानकावर सुमारे पंचवीस मिनिटांत. भाड्यात मात्र बराच फरक आहे. नऊ मिनिटांसाठी चौघांचे एवढे पैसे का घालवायचे?

शहरात फिरण्यासाठी सुटी तिकिटे काढत बसण्यापेक्षा चोवीस तासांचा किंवा सात दिवसांचा पास घ्यावा. चार दिवसांसाठी चार वेळा एक दिवसाचा पास घेण्यापेक्षा सात दिवसांचा स्वस्त पडतो का, हे दरपत्रक पाहून ठरवावे. स्थानकावर फाटक नसते, कुणी अडवत नाही. पण तपासनीस केव्हाही येतो आणि तिकीट नसेल तर शंभर युरोंहून जास्त दंड होतो. छापील तिकीट असेल तर प्रवासापूर्वी यंत्रात घालून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. हे न केल्यास तिकीट असूनही दंड होऊ शकतो.

फुकट, पण हलके नव्हे

व्हिएन्नाच्या नळाला आल्प्स पर्वतातल्या झऱ्यांचे पाणी येते. त्यासाठीची पहिली जलवाहिनी १८७३ मध्ये आणि दुसरी १९१० मध्ये सुरू झाली. हे पाणी खुशाल प्यावे, चौकाचौकांतल्या पिण्याच्या कारंज्यांवर बाटल्या भरून घ्याव्यात. उन्हातान्हात चौघांच्या बाटल्यांचा खर्च चार दिवसांत लहान नसतो.

शोनब्रुन राजवाड्यात एकूण १,४४१ खोल्या आहेत. सहा वर्षांच्या मोझार्टने १७६२ मध्ये इथेच महाराणी मारिया तेरेसासमोर वादन केले होते. आतल्या दालनांसाठी तिकीट आहे, पण मागचा प्रचंड बगिचा सर्वांना मोफत खुला आहे. टेकडीवरच्या ‘ग्लोरिएट’ कमानींपाशी बसले, की खाली राजवाडा आणि पलीकडे सारे शहर दिसते. संत स्टीफनच्या कॅथेड्रलमध्ये मागच्या भागापर्यंत विनातिकीट जाता येते. ३४३ पायऱ्यांचा दक्षिण मनोरा चढायचा असेल तर मात्र पैसे मोजावे लागतात.

संगीताची आवड असेल त्यांनी ७१ क्रमांकाच्या ट्रामने मध्यवर्ती दफनभूमीत जावे. १८७४ मध्ये सुरू झालेल्या या शांत, झाडीने भरलेल्या जागेत बीथोवन, शुबर्ट आणि ब्राम्स यांच्या समाध्या जवळजवळ आहेत. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. मुलांना दमवायचे असेल तर डॅन्यूब नदीतले एकवीस किलोमीटर लांबीचे बेट आहेच.

ऑपेराचीही सोय आहे. बसण्याच्या चांगल्या जागा अतिशय महाग असतात. पण उभे राहून पाहण्याची शेकडो तिकिटे प्रयोगाच्या दिवशी त्यामानाने अगदी थोड्या पैशांत मिळतात. एप्रिल ते जून आणि सप्टेंबरमध्ये निवडक प्रयोग ऑपेरागृहाबाहेरच्या मोठ्या पडद्यावर थेट दाखवतात. ते पाहायला तिकीट लागत नाही.

इथे पैसे खर्च करावेत

काटकसर म्हणजे प्रत्येक वेळी मन मारणे नव्हे. सरकारी संग्रहालयांत एकोणीस वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे. तेव्हा आई-वडिलांचे तिकीट काढले की सारे कुटुंब आत जाते. बेल्वेडेर राजवाड्यात क्लिम्टचे ‘चुंबन’ हे सोनेरी चित्र आहे. निसर्गेतिहास संग्रहालयात विलेनडॉर्फ इथे १९०८ मध्ये सापडलेली, जेमतेम अकरा सेंटिमीटरची, सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीची स्त्रीमूर्ती आहे. शोनब्रुनच्या दालनांना मात्र मुलांची ही सवलत लागू नाही, हे हिशेबात धरावे.

जुन्या कॉफीगृहात एकदा तरी बसावे. कॉफीचा एक पेला महाग वाटेल, पण सोबत पाण्याचा ग्लास येतो आणि त्या एका पेल्यावर तासभर बसले तरी कुणी उठवत नाही. जेवणासाठी दुपारची ठरलेली थाळी संध्याकाळपेक्षा स्वस्त असते. शाकाहारी मंडळींनी मात्र प्रत्येक पदार्थात मांस किंवा अंडे आहे का, हे विचारूनच मागवावे.

कार्डाने पैसे देताना यंत्र ‘रुपये की युरो’ असे विचारते. आपले चलन पाहून बरे वाटते, पण अशा वेळी नेहमी युरोच निवडावा. रुपयांत हिशेब केल्यास दर बहुधा वाईट लागतो.

घरच्या बैठकीत ठरवा

खर्चाचे पाच कप्पे करावेत : विमान, व्हिसा व विमा, राहणे, खाणे व फिरणे, आणि तिकिटे. एकूण रकमेच्या दहा टक्के वेगळे ठेवावेत. त्याला आजारपण किंवा चुकलेली गाडी याशिवाय हात लावू नये. युरोचा दर त्या दिवशीच्या भावापेक्षा पाच टक्के चढा धरावा.

मग घरातल्या प्रत्येकाने आपली एकच पैशांची इच्छा सांगावी. मुलाला १८९७ चा प्राटरचा प्रचंड पाळणा हवा असेल, मुलीला क्लिम्टचे चित्र, आईला ऑपेरा आणि वडिलांना कॉफीगृहातली एक निवांत सकाळ. या चार गोष्टींचे पैसे आधीच बाजूला काढावेत आणि त्यांत कपात करू नये. बाकीचे दिवस बागा, नदी आणि ट्राम यांच्यावर सोपवावेत. कुणाची तरी इच्छा राहून गेली, ही खंत सहलीनंतर वर्षानुवर्षे निघत राहते. ती टाळता आली तर बचतीचे सोने झाले असे समजावे.