पाचवा गिअर

बाबांची कॉन्टेसा १९८६ची. दिसायला ऐटबाज, पण बॉनेटखाली अ‍ॅम्बॅसेडरचंच दीड लिटरचं इंजिन आणि गिअर चार. चौथ्यात इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात, त्यामुळे सत्तरच्या पुढे नुसता आरडाओरडा. रायपूर ते नागपूर जवळजवळ तीनशे किलोमीटर. देवरीला बाबा हमखास थांबत. "गाडीला दम घेऊ दे," म्हणत आणि चहा स्वतः पीत.

आता दर तीन महिन्यांनी हृदयाच्या तपासणीसाठी त्यांना नागपूरला न्यावं लागतं. दुसऱ्या गाडीत बसायला तयार नाहीत, आणि हिच्यातून उतरतात ते गळूनच. शेवटी मी भंगारात निघालेल्या एका १.८ कॉन्टेसाचं इसुझू इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स जोडीनेच आणला. नुसता बॉक्स जुन्या इंजिनाला सरळ बसत नाही. मिस्त्रीने माउंटिंग बदलली, शाफ्टची लांबी जुळवली. आरसीवर नवा इंजिन नंबर चढवला. बाबा महिनाभर गाडीकडे फिरकले नाहीत.

पाचव्यात शाफ्टची फेरी पुरी होते, तेव्हा इंजिनची व्हायची असते. राजनांदगाव सोडून पाचवा टाकला आणि आवाज खाली बसला. मागून आई म्हणाली, "इतकी वर्षं या गाडीत मी एकटीच बोलत होते."

बाबा गप्प. देवरी आली तेव्हा म्हणाले, "थांबायचं ना?"

गाडीला गरज नव्हती. थांबलो. चहाआधी त्यांनी बॉनेटवर तळहात टेकवून पाहिला.